एका हाताचा चाकू

तानबाने चाकू काउंटरवर ठेवला आणि मान हलवली. "याले दोन हात लागते. मले एका हातानं उघडणारा पायजे."

योगेंद्रभाऊंनी तो साडेतीनशेचा चाकू परत खोक्यात घातला. आर्वीच्या बसस्टँडजवळ त्यांचं हार्डवेअरचं दुकान होतं. वीस वर्षांत तानबाने तिथून फावडी, कुदळी, पंपाची वायसरं नेली होती. गेल्या आठ महिन्यांत मात्र तो पायरी चढला नव्हता. का, ते दोघांनाही ठाऊक होतं.

फेब्रुवारीत योगेंद्रभाऊंचा मुलगा अंकित मोटारसायकलवर येत होता. फाट्यावर तानबाची बायको गंगा उभी दिसली, म्हणून त्याने तिला मागे बसवलं. वाटेत तिचा पदर मागच्या चाकात गेला आणि गळ्याला फास बसला. ती वाचली नाही.

अपघात कोणाच्याही हातून होतो, हे लोकांनी मानलं असतं. पण लोक जमले तेव्हा अंकित तिथे नव्हता. बाईला तसंच टाकून तो पळाला, असं सगळे म्हणाले. बऱ्याच वेळाने परत आला तेव्हा त्यांनी त्याला बदडलं. कुठे गेला होतास, असं बापानेही विचारलं. अंकित भिंतीकडे बघत राहिला. तेव्हापासून तो दुकानामागच्या खोलीतच असायचा. योगेंद्रभाऊंनी पुन्हा विचारलं नाही. उत्तर आपल्याला कळलं आहे, असं त्यांना वाटत होतं आणि त्याची लाज वाटत होती.

आताही अंकित त्या खोलीच्या पडद्यामागेच होता.

"एकाच हातानं काऊन, तानबाजी?"

"दुसरा हात रिकामा नसते," तानबा म्हणाला.

नाही म्हणून सांगावं, असं योगेंद्रभाऊंच्या मनात आलं. पण काचेमागे चाकू समोरच दिसत होते. त्यांनी मुद्दाम सगळ्यात महागडा काढला. किंमत ऐकून माणूस उठेल.

तानबाने तो हातात तोलला. पात्यावर नक्षी होती. "हा नवरदेवाच्या हाती द्याचा. कट्यारीच्या जागी. असा चाकू माणूस पेटीत ठेवते, खिशात नाई."

मग त्याने स्वतःच मधल्याकडे बोट केलं. टायटॅनियमची करडी मूठ, बोटभर लांब पातं. योगेंद्रभाऊंना तो दाखवावाच लागला. मुठीच्या पाठीला बारीक उंचवटा होता. त्यावर पहिलं बोट दाबलं की पातं टकदिशी बाहेर येऊन घट्ट बसायचं. घामाने गंजत नाही, वजन नाही, हे सगळं ते नेहमीच्या सवयीने बोलून गेले. बोलल्यावर जीभ चावली.

तानबाने उजव्या हाताने उघडून पाहिला. मग डाव्या. मग काउंटरवरच्या पेल्यात हात बुडवला आणि ओल्या बोटांनी उघडला. एकदा बोट घसरलं. त्याने पुन्हा केलं. पुन्हा. घाई नव्हती. त्याच्या शर्टाचं वरचं बटण तुटलेलं होतं आणि तिथे टाचणी लावलेली होती.

"घाबरल्या माणसाचे हात ओले राह्यते," तो म्हणाला.

योगेंद्रभाऊंनी पेला मागे ओढला.

"कापड कापते का?"

"कोणतं कापड?"

तानबाने पिशवीत हात घातला. पिशवीतून एका विळ्याची मूठ बाहेर आली होती. ती बाजूला सारून त्याने हिरव्या साडीचा तुकडा काढला. सुती नव्हता, पॉलिस्टरचा होता. त्याने तो दोरीसारखा पिळला, एक टोक दातात धरलं, डाव्या हाताने ताणलं आणि उजव्या हातातला चाकू उघडून एकदाच ओढला. पीळ आरपार तुटला.

योगेंद्रभाऊंनी स्वतःच्या सदऱ्याकडे पाहिलं. तो यापेक्षाही पातळ होता.

"अंकित दिसत नाई," तानबा म्हणाला.

"नागपूरले गेला. मावशीकडं."

पडद्यामागे खुर्ची सरकली. दोघांनीही ऐकलं. योगेंद्रभाऊ काउंटरच्या फळीपाशी सरकले आणि पडद्याकडे जायची वाट अडवून उभे राहिले. साठीच्या माणसाला जेवढं रुंद होता येईल तेवढे झाले.

"तानबाजी, जे हाय ते मले म्हण. पोराची चूक झाली. पयाला तो, मी नाई म्हणत नाई. पण माहा एकच हाय."

तानबाने चाकू मिटला. खिशातून पैसे काढून ठेवले. मग पिशवीतला विळा काढून त्यांच्याजवळ ठेवला. जुना, मुठीला निळी चिंधी गुंडाळलेला.

"हा गंगाच्या सामानात आलता. रस्त्यावर पडून होता, लोकायनं तिचाच समजून पिशवीत घातला. आमचा नोता. आठ महिने खुंटीले टांगून होता, कोणाचा ते समजत नोतं."

योगेंद्रभाऊंनी विळा उचलून मुठीवरची चिंधी पाहिली.

"काल रुख्माबाई आली मागाले. सोयाबीन सोंगाच्या कामावर लागली म्हणे. अपघात झाला तवा ती नाल्यापलीकडं याच विळ्यानं हरभरा सोंगत होती. तुमच्या अंकितनं तिच्या हातातून हिसकून नेलता."

पडदा हलला. अंकित दारात येऊन उभा राहिला होता. तानबाने त्याच्याकडे पाहिलं, आणि मिटलेला चाकू काउंटरवरून त्याच्या बाजूला सरकवला.

"खिशात राहू दे, बाबू. पुन्हा एवढ्या दूर धावा लागू नये."