पटावरचा पहारेकरी

समजा, तुमच्या शाळेत तुम्हांला धरून दहाच मुलं आहेत. फळा एक, शिक्षक एक, लॅपटॉप एक. अकरावं मूल आलं तर बरंच, पण नऊ उरली तर शाळा बंद. आता सांगा, वर्गात बसून तुम्ही कुठे बघाल?

काजल लॅपटॉपकडे बघायची.

त्यावर नागसेन सरांनी स्वतः लिहिलेलं एक पान उघडं असायचं. दहा नावं, आणि खाली हिरव्या चौकटीत आकडा : १०. दहाच्या खाली गेला की तो लाल होणार. ही वस्ती सुलतानपूरच्या फाट्यावरून तीन किलोमीटर आत. वरून तोंडी सांगून झालं होतं, पट दहाच्या खाली गेला की मुलं जीपने सुलतानपूरच्या शाळेत.

"सर, आकडा लाल कोण करते?" काजलने एकदा विचारलं. ती सहावीत होती. प्रश्न विचारायचा तिला कंटाळा नव्हता. उत्तर द्यायचा सरांना होता, पण ते द्यायचे.

"पहारेकरी. कंप्युटरच्या भाषेत, जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेला. त्याले दोनच गोष्टी सांगायच्या. नजर कशावर ठेवायची, अन् ते बदललं की काय करायचं. सारखं जाऊन विचारा लागत नाही. आकडा हलला की तोच जागा होते. जुना किती होता, नवा किती झाला, दोन्ही त्याले कळते."

"अन् नाही हलला तं?"

"तं झोपते. माझ्यापेक्षा सुखी."

"सर, तुमी बी एसटीत झोपता," तिसरीतला शिवम म्हणाला. "कंडक्टर सांगत होता."

"बुलढाण्याहून पहाटे साडेपाचला निघून पाह्य, मंग बोल बे."

मुलं हसली. सर हसले नाहीत. त्यांनी खडू उचलला.

जूनमध्ये दोन भावंडं आश्रमशाळेत गेली. सरांनी त्यांची नावं लगेच काढली नाहीत. दुपारभर ते उन्हात शेतं पालथी घालत फिरले, पहिलीसाठी दोन नवी मुलं शोधून आणली, आणि मग चारही बदल एकदम जतन केले.

"पाह्य," ते काजलला म्हणाले. "दहाचे आठ झाले, आठाचे दहा. पण मधला आठ त्यानं पाह्यलाच नाही. सगळं एका दमात झालं की तो फक्त शेवट पाह्यते. दहाचे दहा. म्हणजे काहीच हललं नाही."

हे सांगता सांगता ते भिंतीला टेकून खालीच बसले.

"अन् खरंच हलला असता तं? लाल केल्यावर आणखी काय करते तो?"

पुढे काय करायचं ते पहारेकऱ्याला सांगणाऱ्या ओळी पानात मिटून ठेवलेल्या होत्या. नुसता एक बाण दिसायचा.

"ते मोठ्यायचं काम," सर म्हणाले. "पट दहा राहू दे, म्हणजे ते वाचायची पाळी येत नाही."

खिचडी वाढून झाली की ते व्हरांड्यात जाऊन घरी फोन लावायचे. "उठून बसली का? गोळी घेतली? जवळ कोण हाय?" रोज हेच तीन प्रश्न. तिसऱ्याचं उत्तर ऐकून ते परतीच्या एसटीला किती वेळ आहे ते घड्याळात बघायचे.

दिवाळीनंतर काजलचा मामा राजकुमार खामगावहून आला. भाचीला तिथल्या शाळेत घालतो, सायकल घेऊन देतो म्हणाला. तिच्या आईला, जयमालाला, ते पटलं. काजल रुसून कोपऱ्यात बसली. त्या संध्याकाळी सरांनी आपली एसटी सोडली आणि ते काजलच्या घरी आले.

"पोरगी गेली तं नऊ उरतात, जयमालाबाई."

"मले समजते सर. पण तुमी असे दम लागेपर्यंत किती दिवस पोरं जमा करसान? जीप देतो म्हणतात ना ते? मंग पोरायचं काय अडते?"

"लहानी आहेत अजून. जीप चार दिवस येते, पाचव्या दिवशी नाही. यंदाचं वर्ष राहू द्या तिले."

जयमालाने त्यांच्याकडे नीट पाहिलं. "बसा, चहा घ्या. तोंड पाहा कसं झालं तुमचं." मग म्हणाली, "नका काढू दाखला. पण उद्या पोरीनंच जातो म्हटलं, तं मी अडवणार नाही."

"नाही म्हणत ती," काजल कोपऱ्यातून ओरडली. राजकुमार मामाने कपाळावर हात मारला.

तिथून बुलढाण्याची एसटी मिळेल म्हणून सर दुधाच्या गाडीत बसून मेहकरला गेले. दुसऱ्या दिवशी शाळेत आले ते कालच्याच शर्टात. त्यांनी फळ्यावर गणितं लिहून दिली, खुर्चीत बसले, आणि मुलं सोडवत असतानाच त्यांची मान खाली गेली. कुणी उठवलं नाही. शिवमने ओठांवर बोट ठेवून पहिलीच्या मुलांना गप्प केलं.

काजलची गणितं झाली होती. तिने लॅपटॉप हळूच जवळ ओढला. आपल्यासाठी सर काल एवढे थांबले. ते कोणत्या संकटाला एवढे भितात, ते तिला बघायचं होतं. तिने बाणावर बोट ठेवलं. मिटलेल्या ओळी उलगडल्या.

आकडा दहाच्या खाली आला, तर हा अर्ज पाठव, असं तिथे लिहिलं होतं. खाली अर्ज होता, दोन वर्षांपूर्वी लिहून ठेवलेला. "महोदय, माझी पत्नी अंथरुणाला खिळली आहे. बुलढाण्यात तिच्याजवळ कुणी नाही. शाळा चालू असेपर्यंत एकमेव शिक्षकाला सोडता येत नाही, असे आपण सांगितले होते. आता शाळा बंद झाली आहे. मला घराजवळ बदली मिळावी."

काजलने ते दोनदा वाचलं. झोपलेल्या सरांकडे पाहिलं. मग ती नावांच्या यादीत वर गेली, आपल्या नावावर थांबली, ते खोडलं, आणि सर जागे व्हायच्या आत 'जतन करा' दाबलं.