शेजारची सीट

दयारामकाकांची ऑटोमॅटिक गाडी चाळीसच्या स्पीडला थरथरायची, पण गॅरेजात आणली की एकदम गुणी. शेवटी निकेत मेकॅनिक वैतागला. "काका, कुणाला तरी शेजारी बसवा आणि मोबाईलवर आवाज रेकॉर्ड करून आणा."

"तुझी ठमाकाकी वारली, आता शेजारी कोन बसनार? मोबाईलच ठेवतो सीटवर."

दुसऱ्या दिवशी निकेतने ते रेकॉर्डिंग कानाला लावलं. रेवसच्या रस्त्यावरचा वारा, मग ती थरथर, आणि पाठोपाठ काकांचा हळू आवाज, "घाबरू नको गो ठमे, गिअरच हाय तो."

संध्याकाळी गिअरबॉक्सचं ऑइल बदलून निकेतने चावी काकांच्या हातात ठेवली.



"थरथर गेली, काका. काकीला सांगा, आता बिनधास्त बस म्हणावं."