चाळीस ओळी

“देवमाशाचा आवाज वाजवायला सी भाषेत चाळीस ओळी?” माझा सहकारी डंकन खो-खो हसला. “अगं, माझं एका ओळीत झालं! टाइप केलेलं फाइलचं नाव जसंच्या तसं शेलला, म्हणजे कॉम्प्युटरचे हुकूम पाळणाऱ्या प्रोग्रामला द्यायचं, तो सांगाल ते करतो.” “माझा प्रोग्राम मोडून दाखव,” म्हणत मी खुर्ची रिकामी केली. हॅलिफॅक्सची आमची प्रयोगशाळा भोवती जमली. तीन वर्षांची रेकॉर्डिंग्ज त्याच कॉम्प्युटरवर होती. डंकननं नाव लिहिलं, पुढे अर्धविराम आणि सगळं पुसून टाकायचा हुकूम; अर्धविरामानंतरचं सगळं शेल नवा हुकूम समजून पाळतो. एंटर दाबलं. माझ्या प्रोग्रामनं शेलला विचारलंच नाही. आवाज वाजवणारी नवी चाइल्ड प्रोसेस, म्हणजे हाताखालचा वेगळा प्रोग्राम, थेट सुरू करून ती अख्खी ओळ तिला निव्वळ नाव म्हणून दिली. पडद्यावर उमटलं: ‘या नावाची फाइल नाही.’ टाळ्याच टाळ्या! “आता माझी पाळी,” म्हणत मी त्याच्या कॉम्प्युटरकडे वळले. डंकननं धावत जाऊन प्लगच उपटला.