सनईचे दात

"हे दात माझे न्हाईत, डॉक्टरबाई," भुजंग गुरव पडद्याकडं बोट दाखवत म्हणाला.

परभणीच्या दवाखान्यात तो खुर्चीत आडवा झाला होता. डॉक्टर योगिनीनं कॅमेऱ्याची एक जाडसर दांडी त्याच्या तोंडात फिरवली होती आणि बघता बघता त्याचा अख्खा जबडा समोरच्या पडद्यावर उभा राहिला होता. वरचे पुढचे चार दात गायब. त्या रिकाम्या जागेत तिनं चार नवे दात बसवून दाखवले. पांढरेशुभ्र, एका ओळीत.

"काका, इतके सुंदर दात तुमच्या तालुक्यात कुणाचे नसतील."

"सुंदर हायेत. पण ह्यांच्यावर सनई वाजायची न्हाई. माझे मधले दोन दात एकमेकांवर चढलेले होते. ओठ तिथं टेकायचा. चाळीस वर्षं तिथंच टेकला."

सोनपेठजवळच्या गावात, महादेवाच्या देवळात, भुजंगच्या घरची सनई त्याच्या पणज्यापासून वाजत आली होती. मग हिरड्या सुजल्या, दात हलले, एकेक करून पडले. त्यानं काढता-घालता येणारी कवळी करून घेतली. पूर्णेच्या एका लग्नात वरचा सूर लावताना ती तोंडातून निसटली आणि थेट नवरीच्या पायाशी जाऊन पडली. मांडव हसला. कुणीतरी ते मोबाईलवर टिपलं आणि आठवडाभर गावोगाव फिरवलं.

त्याच महिन्यात देवळाचे विश्वस्त तात्याराव विजेचं मशीन घेऊन आले. बटण दाबलं की नगारा, घंटा, झांजा आपोआप सुरू. सोबत मोबाईलवर कुण्या परक्याची सनई.

"तू आता आराम कर, भुजंगा," ते म्हणाले होते. "दात गेले की सनईवाल्याचं संपलं."

भुजंगनं आराम केला नाही. त्यानं दुभती म्हैस विकली. "या वयात दात कशाला? भाकर कुस्करून खाता येती की," त्याची बायको गोजरबाई म्हणाली. "खायला नकोच हायेत मला," एवढंच बोलून तो परभणीच्या एसटीत बसला.

आणि आता हे पडद्यावरचे दात.

योगिनीनं पडद्यावरचे ते चार दात पुसून टाकले. मग म्हणाली, "पुढच्या वेळी सनई घेऊन या."

आधी हिरड्यांचा उपचार झाला. मग जबड्याच्या हाडात स्क्रू बसवले. ते हाडाला धरेपर्यंत चार महिने थांबायचं होतं. त्या चार महिन्यांत भुजंग रोज सकाळी अंगणात बसून पपईच्या पानाच्या पोकळ देठानं पाण्याच्या बादलीत बुडबुडे काढायचा. दम तुटू नये म्हणून. येणारेजाणारे हसायचे. तो मान वर करायचा नाही.

पाचव्या महिन्यात योगिनीनं मशीनवर छापलेले तात्पुरते दात बसवले आणि म्हणाली, "वाजवा." भुजंगनं सनईच्या तोंडाची पत्ती ओठात धरली. हवा फुसकन बाजूनं निघून गेली. योगिनी खुर्ची ओढून पडद्यासमोर बसली. एक दात केसभर पुढं घेतला, दुसरा त्याच्यावर तिरपा चढवला, नवे छापले. सूर लागला, पण वर जाताना फाटला. पुन्हा पडदा, पुन्हा छपाई.

"काका, हा कॉम्प्युटर तर म्हणायलाय, हे दात वाकडे आहेत, चूक आहे," ती हसून म्हणाली. दिवसभर त्याच्याशी बोलून तिचीही भाषा बदलली होती.

"त्याला सनई ऐकू येत न्हाई, बाई. तुमाला येती. तुमी सांगा त्याला."

चौथ्या खेपेला सूर वर गेला आणि तिथंच उभा राहिला. बाहेर बाकावर बसलेला, सुजलेला गाल धरून कण्हणारा एक पेशंट उठून दारात आला आणि कण्हायचं विसरला. योगिनीनं तोच आकार पक्का केला. मशीननं तो दगडासारख्या टणक पांढऱ्या वडीतून कोरून काढला, आणि ते दात भुजंगच्या तोंडात कायमचे बसले. चांगले वाकडे.

सोमवारी सकाळी देवळात आरती उभी राहिली. मशीनचा नगारा धडधडायला लागला. भुजंग गर्दीतून पुढं आला आणि त्यानं भिंतीतली पिन उपटली. घंटा अर्ध्यावरच थांबल्या. सगळीकडं चिडीचूप.

"पिन लाव!" हातातलं तबक सावरत तात्याराव ओरडले. "पुन्हा हसं करून घ्यायचंय का?"

भुजंगनं सनई ओठाला लावली. सूर खालून निघाला, देवळाच्या खांबांमधून फिरला, वर चढायला लागला. सगळ्यांनी तो मोबाईलवरचा तमाशा बघितला होता. गोजरबाईनं डोळे मिटून घेतले. जिथं कवळी निसटली होती, नेमक्या त्याच जागी सूर पोहोचला, थरथरला नाही, पुढं गेला. मागं कुणीतरी टाळी धरली. मग सगळ्यांनीच धरली. तात्यारावांच्या हातातलं तबक कधी फिरायला लागलं, त्यांनाही कळलं नाही.

आरती संपली. लोक भुजंगभोवती जमले. तात्यारावांनी प्रसाद वाटला, घसा खाकरला.

"वाजवलंस झकास. न्हाई म्हणत न्हाई. पण जिद्द सोड, भुजंगा. जमाना मशीनचा हाय."

भुजंगनं मशीनची वायर नीट गुंडाळली आणि त्यांच्या हातात दिली. मग बोटाच्या नखानं आपल्या वाकड्या दातांवर टिचकी मारली.

"हे बी मशीननंच कोरलेत, तात्या. फुंक तेवढी माझी हाय."