समोरून उघडणारी गाडी

तिचा नवरा नाहीसा होऊन वीस दिवस झाले होते. सापडली ती फक्त त्याची गाडी, रस्त्याच्या कडेला, इंजिन चालू असलेली. तीन चाकांची, कपाटासारखं समोरून दार उघडणारी. अख्ख्या शहरात तशी दुसरी नव्हती. त्याच गाडीतून ती त्याचा फोटो दाखवत गावोगाव हिंडत होती. पायाला भिंगरी लागली होती, पण हाती काही लागत नव्हतं.

भर दुपारी ऑईलचा लाल दिवा लागला, तेव्हा 'दहा मिनिटांत ऑईल बदला' ही पाटी पाहून ती गॅरेजात शिरली. मेकॅनिक गाडीखालच्या खड्ड्यात उतरला. काळं ऑईल भांड्यात पडू लागलं.

जरा वेळाने तो वर आला तो पांढराफटक होऊनच.

"ताई, गाडीत कोण बसलंय?"

"कोणी नाही. का हो?"

"मग आतून मला कोण म्हणालं, नट जरा हळू फिरव म्हणून?"

तिने त्याचा हात धरला. "आवाज घोगरा होता का, माझ्या नवऱ्याचा आहे तसा? सांगा ना, पाया पडते तुमच्या!"

त्याने होकारार्थी मान हलवली.

ती धडपडत खड्ड्यात उतरली. गरम इंजिनाजवळ कान नेऊन तिने हाका मारल्या, "अहो, मी आलेय! कुठे आहात? एकदा तरी बोला माझ्याशी!"

ऑईल थेंबथेंब गळत राहिलं. ती रडली, विनवण्या करून थकली आणि शेवटी गप्प झाली.

मग आतून, अगदी हळू, नवऱ्याचाच आवाज आला.

"काय रे, गेली का ती?"