चाचांची विलायती मोटार

माझ्या वडिलांचे, आबांचे, जिवलग मित्र दिलावरचाचा म्हणजे तिसगावातले जुन्या मोटारींचे एकमेव वेडे. आपली चाळीस वर्षांची विलायती मोटार ते रोज स्वतः पुसायचे आणि नगरला जाताना ती तापू नये म्हणून करंजी घाटात चारदा थांबायचे.

बहात्तर साली मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले होते. एका सकाळी कळा सुरू झाल्या. सुईण म्हणाली, "मूल आडवं हाय, नगरला न्या." एस.टी. दुपारशिवाय नव्हती. आबांचा निरोप मिळताच चाचांनी मोटार काढली. त्या दिवशी ते घाटात एकदाही थांबले नाहीत.

दवाखान्यात मला मुलगी झाली. आबा ते सांगायला बाहेर धावले, तर चाचा स्टिअरिंगवर डोकं टेकून बसल्या जागी गेलेले होते.

माझ्यापायी ते गेले, या विचारानं माझी झोप उडाली. दीड महिन्यानं लेकीला घेऊन मी चाचांच्या पत्नी सरवरीचाचींना भेटायला गेले. त्यांनी तिला मांडीवर घेतलं.

"पहाटेपासून छातीत दुखत हुतं त्यांच्या. मी म्हनलं, गाडी काढू नका, आधी डाक्टरकडं चला."

"मग?"



"हसले. म्हनले, 'अगं, दवाखान्यातच तर चाललोय.'"