दक्षिणेची भिंत

कर्वेनगरच्या आमच्या दिवाणखान्यात पासष्ट इंची टीव्ही यावा, म्हणून माझ्या ग्रंथांची दोन कपाटे परवा रद्दीवाल्याकडे गेली. चिरंजीव आमोद यांनी मला विचारले नाही. वाचणाऱ्याला विचारण्याची प्रथा आता आमच्या घरातही उरलेली नाही.

टीव्ही उत्तरेच्या भिंतीवर चढला. समोर सोफ्याला जागा व्हावी म्हणून कपाटे हलवल्यामुळे दक्षिणेची भिंत उघडी पडली होती. टीव्हीच्या काळ्या, बंद पडद्यात तीच भिंत दिसत होती आणि तिच्यावर हार घातलेली एक तसबीर होती.

मी वळून पाहिले. भिंतीवर साधा खिळाही नव्हता.

दक्षिणेला घरातल्या गेलेल्या माणसांच्या तसबिरी लावतात. मी म्हणालो, "माझीही सोय करून ठेवलीस वाटतं?"

"बाबा, टोमणे पुरे. सॉकेट बसवायचंय, मेन स्विच तेवढा बंद करा."

मी जागचा हललो नाही. पडद्यावर अजून कंपनीचे प्लास्टिक होते, त्यामुळे तसबिरीतला चेहरा धूसर होता. तो माझाच असणार, याविषयी मला शंका नव्हती. ग्रंथांमागोमाग त्यांचा वाचक जावा, हे रीतीला धरूनच होते. चेहरा नीट पाहावा, म्हणून मी ते प्लास्टिक ओढून काढले.

तसबिरीतला माणूस तरुण होता. त्याच्या अंगात आमोदने आज घातलेला निळा शर्ट होता.

"बाबा, अहो बघत काय बसलात?" आमोद स्टुलावर चढला होता आणि त्याचा हात उघड्या वायरीकडे गेला होता. "मेन स्विच बंद केलात ना?"